मोडीत शून्य रुपये

दिग्रसच्या सराफ्यात, आणि दिग्रसच कशाला, दारव्हा, पुसद, आर्णी कुठल्याही सराफ्यात, दागिना गिऱ्हाइकाच्या हातात आला की तो दहा सेकंद पाहिला जातो आणि अर्धा तास त्याची चौकशी होते. वजन किती, घडणावळ किती टक्के, हॉलमार्क आहे ना, आणि शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं म्हणून आवाज जरा खाली आणून, “मोडीत किती जाते जी?” घेण्याआधीच मोडण्याचा हिशेब मागितला जातो अशा वस्तू जगात फारशा नाहीत. पंखा घेताना हे कोणी विचारत नाही, साडी घेताना तर नाहीच. साडी नेसून जुनी होणार, मग तिची गोधडी होणार, हे सगळ्यांना मान्य असतं. दागिन्याला मात्र बारशाच्या दिवशीच मृत्यूचा दाखला लागतो. म्हणून एखाद्या धाडसी माणसाने उद्या दिग्रसमध्ये विजेची छोटी भट्टी लावली, रंगीत काचा एकमेकींत वितळवून पदकं केली, तांब्यावर मीना चढवून कानातली केली आणि विकायला बसला, तर त्याची अडचण कलेची असणार नाही. त्याच्या मालाची मोड शून्य रुपये आहे, ही त्याची अडचण. माझं म्हणणं असं की हीच त्या मालाची सर्वांत मोठी लायकी आहे. मोडीत ज्याला किंमत येते ती ठेव झाली. मोडीत दमडी येत नाही हे पक्कं ठाऊक असूनही जे हौसेने अंगावर चढतं, ते दागिना. या कसोटीला लावून पाहिलं तर मराठी बाईच्या अंगावर अस्सल दागिना बहुधा एकच निघतो, आणि तो काचेचा असतो.

पुरावा गळ्यातूनच काढू. मंगळसूत्रात दोन वाट्या सोन्याच्या, दोन-चार मणी सोन्याचे आणि बाकी सगळी काळी पोत. आपल्याकडची जुनी गरसोळी घ्या, डोरलं घ्या, हिशेब तोच. ही काळी पोत काचेची. उत्तर प्रदेशातलं पुरदिलनगर, आंध्रातलं पापनायडुपेट ही काचमणी करणाऱ्यांची गावं. ज्वाळेवर सळई फिरवून किंवा वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढून, तिचे तुकडे पाडून तिथे पिढ्यान्‌पिढ्या मणी निघत आले आहेत. आता मंगळसूत्र सराफाच्या काट्यावर चढलं की तो काय करतो? काळ्या मण्यांचं वजन वजा करतो. म्हणजे ज्या भागामुळे लग्न झालं हे जगाला कळतं तो भाग बिलाबाहेर, आणि जो भाग नुसता सोबतीला आला तो ग्रॅमच्या भावाने बिलात. यात्रेला निघताना वाट्या डब्यात जातात, पोत गळ्यात राहते. मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी वाट्या गहाण पडतात, त्यांच्या जागी बेन्टेक्सच्या येतात आणि सौभाग्यात तसूभर फरक पडत नाही. उलट काळे मणी काढून नुसत्या सोन्याच्या वाट्या साखळीत ओवून बाई हळदीकुंकवाला गेली, तर चौकशीला सासू लागणार नाही, आळी पुरेल. हल्लीच्या हिऱ्याच्या नाजूक मंगळसूत्रांतसुद्धा चार-पाच काळे मणी ठेवावेच लागतात. ते नसले तर त्याला नेकलेस म्हणतात, आणि नेकलेसला सप्तपदी लागत नाही.

हाताचंही तेच. लग्नात पाटल्या, गोठ, तोडे घरच्या ऐपतीप्रमाणे. हिरवा चुडा सगळ्यांना सारखा. डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या, माहूरला रेणुकेच्या ओटीत हिरव्या बांगड्या. देवीला कोणी मोड विचारून ओटी भरत नाही. आणि ही बांगडी जवळून पाहण्यासारखी असते. फिरोजाबादला वितळलेल्या काचेची तार फिरत्या रुळावर गुंडाळून लांब स्प्रिंग करतात, ती उभी छेदली की उघड्या तोंडाची कडी सुटी होतात. मग घराघरांत बायामाणसं एकेक कडं दिव्याच्या ज्योतीवर धरून त्याची दोन्ही तोंडं जुळवतात. तिकडे याला जुडाई म्हणतात. म्हणजे चुड्यातली प्रत्येक बांगडी कुणीतरी हाताने जोडलेली असते. साधी बांगडी बोटांत धरून सावकाश फिरवा, तो सांधा बोटाला लागतो. इतकी हातमेहनत गव्हाएवढ्या सोन्यात असती तर घडणावळीचे टक्के ऐकून बाप मांडवातच बसला असता. इथे मात्र डझनाचा भाव, त्यावर घासाघीस, आणि वर एक जास्तीची.

माणसांचं सोडा, बैलांकडे या. पोळ्याला यवतमाळ जिल्ह्यात बैलाच्या अंगावर जे चढतं त्यात झूल, बेगड, घुंगरमाळा, कवड्या, मणी, आरसे सगळं असतं, फक्त मोडीला जाईल असं काही नसतं. बैलाच्या माळेचं वजन विचारणारा शेतकरी अजून जन्माला यायचा आहे. बैल शोभला की विषय संपला. सौंदर्याचा इतका निखळ विचार आपण वर्षातून एकदा करतो आणि तोही बैलाच्या बाबतीत, ही गोष्ट घरातल्या बायकांनी मनावर घ्यावी इतकी गंभीर आहे.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा येतो. काच म्हणजे गरिबाची हौस, राजेरजवाड्यांनी सोनंच घातलं. ठीक, राजांकडे जाऊ. तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या तुतानखामेनचा मुखवटा सुमारे १० किलो सोन्याचा आहे, आणि त्याच्या शिरोवस्त्रावर जे निळे पट्टे जगभरच्या पुस्तकांत झळकतात ते निळ्या काचेचे आहेत. ज्याच्याकडे १० किलो सोनं तोंडावर घालायला होतं, त्याला काच परवडते म्हणून वापरावी लागली असं म्हणता येणार नाही. त्याला निळा हवा होता, आणि सोनं कितीही ओतलं तरी निळं होत नाही. राजस्थानात प्रतापगढला थेवा नावाचा प्रकार आहे. तिथे २३ कॅरटच्या पातळ पत्र्यावर रासलीला, शिकारीची चित्रं कोरून तो पत्रा रंगीत काचेवर उष्णतेने बसवतात. हे कसब राजसोनी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर जाऊ दिलं नाही. त्यातल्या महेश राजसोनी यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. सोनं तिथेही आहे, पण मागची हिरवी काच काढून घेतली तर उरतो भोकं पाडलेला पत्रा. त्याची मोड मात्र व्यवस्थित येईल.

इतिहासाचा खरा निकाल तर मातीतून लागतो. कोल्हापूरची ब्रह्मपुरी, नेवासे, तेर अशी सातवाहनकाळची गावं खणली तेव्हा काचेचे मणी आणि पुढच्या थरांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी ब्रह्मपुरीच्या उत्खननात भाग घेतला, आमच्या विदर्भातलं कौंडिण्यपूरही खणलं, आणि १९६९ साली भारतीय काचेचा अख्खा इतिहास इंग्रजीत लिहून काढला. भारतीय मोडीचा इतिहास कोणी लिहिला नाही, कारण लिहायला काही शिल्लकच नाही. पणजीच्या पुतळ्या वितळून आजीची मोहनमाळ झाली, मोहनमाळ वितळून आईच्या बांगड्या, बांगड्या वितळून मुलाची इंजिनिअरिंगची फी. प्रत्येक मोडीला घट गेली आणि कारागिराची नक्षी तर पूर्णच गेली. ज्या वस्तूला मोड असते तिला इतिहास राहत नाही. काचेचा तुकडा कोणी वितळवायला नेला नाही, उकिरड्यावर फेकला, म्हणून दोन हजार वर्षांनी तो खोक्यात, कापसावर, क्रमांक घालून ठेवला जातो. पिढ्यान्‌पिढ्यांचा दागिना हवा असेल तर तो सोन्यात मिळेल अशी आशा धरणं जरा भाबडंच आहे.

आता भट्टीकडे वळू, कारण या धंद्याला हसण्याआधी तो काय आहे ते पाहिलेलं बरं. तांब्याची रुपयाएवढी चकती घ्या. तिला तापवून मऊ करायची, आम्लात बुडवून काळपटपणा घालवायचा, घासून लख्ख करायची आणि त्यानंतर तिला बोट लावायचं नाही. बोटाचं तेलकटपण राहिलं तिथे मीना धरत नाही. मग पातळ डिंकाचा हात आणि वरून बारीक चाळणीने काचेची रंगीत पूड. मीना म्हणजे दुसरं काही नाही, ही काचेची पूडच. भट्टी हवी ८०० अंशांच्या आसपास. दिग्रसला मे महिन्यात त्यातले ४५ आकाशातून फुकट मिळतात, उरलेल्यांचं बिल येतं. चकती आत गेली की पूड आधी काळवंडते, मग साखरेसारखी रवाळ होते, मग वर चकाकी येते पण पोत खडबडीत राहतो. जगभरचे मीनाकार या टप्प्याला संत्र्याची साल म्हणतात. हा एक धडा आमच्या भागात चित्राशिवाय समजेल. आणखी थोडा वेळ दिला की साल सपाट होऊन आरसा होतो. आणखी थोडा विसरला की कडा करपतात. सगळं नाटक दोन-तीन मिनिटांचं, आणि रंगागणिक पुन्हा पहिल्यापासून. जास्त आच सोसणारे रंग आधी, नाजूक शेवटी. जयपूरकडे पांढरा सुरुवातीला आणि लाल अखेरीला.

गंमत मागच्या बाजूला आहे. मीना फक्त पुढून दिला तर थंड होताना तांबं जास्त आकसतं, काच कमी आकसते, चकती वाकते आणि काचेचे टवके उडतात. म्हणून मागच्या बाजूलाही मीना द्यावा लागतो, जिथे कुणाची नजर जाणार नाही. कारागिराच्या जातीला राग येण्यासारखा हा नियम आहे: अर्धी मेहनत न दिसणाऱ्या बाजूला करा, नाहीतर दिसणारी बाजू टिकणार नाही. राजा मानसिंगाने सोळाव्या शतकाच्या अखेरीला लाहोरहून मीनाकार आमेरला आणले असं सांगतात. त्यांच्या परंपरेत हाराच्या पुढच्या बाजूला कुंदनात बसवलेले खडे आणि मागे, अंगाला टेकणाऱ्या बाजूला, लाल-हिरव्या मीन्याची वेलबुट्टी. ती बघायला मिळते घालणारीला, आणि उतरवताना. आमच्या दागिन्याच्या मागच्या बाजूला काय असतं? हॉलमार्क, ‘९१६’ आणि सहा अक्षरी ओळखक्रमांक. मागची बाजू कुणासाठी राखली आहे यावरून दागिना कुणाचा ते कळतं. जयपूरची मागची बाजू घालणारीची, आमची मागची बाजू गहाण ठेवून घेणाऱ्याची.

रंगांतही सोन्याला एकदा आपली जागा कळते. काचेला निळा देतो कोबाल्ट, हिरवा देतं तांबं, जांभळा मँगनीज, दुधी पांढरा कथील. गुलाबी आणि माणकासारखा लाल मात्र सोन्याकडून घेता येतो: सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण काचेत विखुरले की काच गुलाबी दिसते. त्यासाठी लागणारं सोनं इतकं थोडं की सराफाच्या काट्यावर ते दिसणारही नाही. बनारसची गुलाबी मीनाकारी अशी प्रसिद्ध की सप्टेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानांनी कमला हॅरिस यांना भेट दिला तो बुद्धिबळाचा संच याच कामाचा होता. सोन्याला शोभा कधी आली, तर काचेत विरघळून नाहीसं झालं तेव्हा. त्याच सोन्याचं बिस्कीट लॉकरमध्ये पिवळं राहतं आणि फक्त मालकाला ठाऊक असतं.

वितळलेल्या काचेचा, म्हणजे धातूशिवाय काचेवर काच बसवण्याचा प्रकार याहून मानी आहे. कुठलीही काच कुठल्याही काचेशी जुळत नाही. तापली की काच वाढते, निवली की आकसते, आणि किती, याचा प्रत्येक काचेचा आकडा ठरलेला. अमेरिकेत पोर्टलंडला १९७४ साली निघालेल्या बुल्सआय कंपनीच्या काचेचा आकडा ९० धरतात. दुसरी प्रचलित जात ९६ ची. म्हणजे एका अंशामागे लांबी ९० किंवा ९६ कोटीअंशांनी वाढते. खिडकीची काच तिसऱ्याच गोत्रातली. ९० ला ९० करावी, ९६ ला ९६. हा पत्रिका जुळवण्याचा प्रकार आहे, फरक इतकाच की इथली पत्रिका खोटं बोलत नाही. ९० आणि ९६ यांना एकत्र भट्टीत घातलं तर ८०० अंशांवर दोघं अशी एकजीव होतात की पाहणाऱ्याने कृतकृत्य व्हावं. कुरबुर सुरू होते निवताना. एकीने जितकं आकसायचं ठरवलं तितकं दुसरीला मान्य नसतं, आणि एखाद्या दिवशी, कधी कधी बऱ्याच दिवसांनी, काही कारण नसताना तड जाते. लोक म्हणतात, काल तर बरी होती. यावर भट्टीत इलाज नाही. जुळणाऱ्या काचांनाही घाईने निववून चालत नाही: ५०० अंशांच्या आसपास भट्टी थांबवून धरतात आणि मग तासन्‌तास सावकाश उतरवतात, निवताना आत ताण राहू नये म्हणून. ३६ पैकी ३० गुण जुळलेल्यांनाही ही सवलत मिळत नाही. त्यांना हॉलवरून थेट दोन खोल्यांच्या घरात नेतात.

दुसरा आक्षेप सरळ आहे: काच फुटते. फुटते. पण सोनं न फुटताच जातं, हे विसरतात. पॉलिशला दिलं की झिजतं, मोडताना घटतं, गर्दीत ओढलं जातं, आणि भावांच्या वाटणीत तर अख्ख्या सेटचं अर्धं होतं. काचेचं पदक हिसकावून मोटरसायकलवरून पळणारा चोर अजून पाहण्यात नाही. दागिन्याची खरी मोड चोराला बरोबर कळते. शिवाय काच फुटली तर फुटली हे दिसतं. तिचा हिशेब तिथेच संपतो आणि बांगडीवाल्याचा धंदा त्यावरच उभा आहे. धातूवरचा मीना तर आपण समजतो त्याहून चिवट असतो. दवाखान्यातले पांढरे ट्रे, रस्त्यांच्या आणि स्टेशनांच्या निळ्या-पांढऱ्या पाट्या हे सगळं इनॅमल, म्हणजे हाच मीना, लोखंडावर चढवलेला. आपटला तर टवका उडतो, पण उन्हात रंग उडत नाही. आमच्या भागातल्या उन्हात टिकणाऱ्या रंगांची यादी करायला घेतली तर तिथे मीन्याची पाटी आणि राजकीय पुढाऱ्याची आशा या दोनच नोंदी सापडतील.

याच्याच शेजारी एक गैरसमज बसलेला असतो. मीना म्हटलं की लोकांना आठवतो तो बाजारातल्या स्वस्त दागिन्यांवरचा लाल-हिरवा लेप, जो दुसऱ्या दिवाळीला सोलून निघतो. तो मीना नव्हे. तो राळेचा रंग, भट्टी न पाहिलेला. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. खरा मीना गालाला लावला की गार लागतो, टाचणीने त्यावर ओरखडा उठत नाही. राळ कोमट लागते आणि टाचणी तिच्यात शिरते. दिग्रसच्या कारागिराने दुकानात एक टाचणी बांधून ठेवावी. सराफाचा कसोटीचा दगड आपण निमूट मानतो, तर टाचणी मानायला हरकत नसावी.

तिसरा आक्षेप मात्र विनोदाने उडवून लावण्यासारखा नाही. सोनं हे बाईचं स्त्रीधन आहे, कापूस पिकवणाऱ्या घराचा शेवटचा आधार आहे. पाऊस लांबला, दुबार पेरणी आली, दवाखाना निघाला, की बँकेआधी गळा आठवतो. २०२५ साली १० ग्रॅमचा भाव लाखापलीकडे गेला तेव्हा ज्यांच्याकडे चार तोळे होते त्यांनी सरकारपेक्षा आजीचे आभार मानले. खरं आहे, आणि म्हणूनच माझा मुद्दा आणखी बळकट होतो. ज्या वस्तूवर घराची पेरणी अवलंबून आहे ती गळ्यात बांधून बसस्टँडवर उभं राहणं हा तिचा आणि गळ्याचा दोघांचाही अपमान आहे. तिने पेटीत, लॉकरमध्ये राहून आपलं काम करावं. शिवाय त्या आधारात बाईचा वाटा किती, हेही एकदा पाहावं. पेरणीला गहाण जातं बाईचं, सातबारा बहुधा तिच्या नावावर नसतो, आणि सोडवून आणायची वेळ आली की आधी ट्रॅक्टरचा हप्ता असतो. नवरा गेल्यावर तिच्या अंगावरचं सोनं कोणी फोडत नाही. ते जपून कुणीतरी ठेवून घेतं. फोडतात त्या बांगड्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला मे २०२२ मध्ये ठराव करावा लागला तो बांगड्या फोडण्याविरुद्ध, मंगळसूत्र तोडण्याविरुद्ध, आणि सरकारनेही मग बाकीच्या गावांना तोच कित्ता घालून दिला. ग्रामसभेने ठराव करावा इतकं वजन डझनाच्या भावाने मिळणाऱ्या काचेत आहे. हे वजन कोणत्याही काट्यावर वजा होत नाही.

राहिला आक्षेप आपलेपणाचा: वितळलेली काच, मीना, हे आपलं नव्हे, बाहेरचं. बाहेरचं कोणतं नाही? पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानात येणाऱ्या बांगड्यांचा मोठा वाटा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या बोहेमियातून, गाब्लोंझ गावाकडून येत होता. कित्येक पणज्यांचं सौभाग्य जर्मन बोलणाऱ्या कारागिरांनी घडवलेलं असणार. त्यावर उपाय म्हणून आपण काच शिकलोही. अंताजी दामोदर काळ्यांच्या कल्पनेतून वर्षाला एकेक पैसा गोळा होऊन, लोकमान्यांच्या पाठिंब्याने, १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला. १९१६ मध्ये औंध संस्थानात ओगल्यांचा निघाला. आणि मग मराठी माणसाने त्या काचेचं काय केलं? कंदील केले. प्रभाकर कंदील उत्तम होता, वादळात विझत नव्हता, पण एवढी भट्टी हाताशी असून दागिन्याचा विचार मनात न येणं याला मराठी स्वभावच लागतो. दिग्रसभोवतीच्या तांड्यांवरच्या बायांना तो रोग नव्हता. बंजारा बाईच्या फेटियावर, म्हणजे घागऱ्यावर, आणि कांचळीवर, म्हणजे चोळीवर, आरशांचे तुकडे टाके घालून बसवलेले, दंडापर्यंत बलियांचा चुडा, वर नाणी आणि मणी. चालली की ऊन तिच्याभोवती फिरायचं. जवळच पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा वारशाचं मोठं संग्रहालय उघडलं. ज्या काचेला तालुक्याच्या बाजारात कोणी भाव दिला नाही, तिच्या बाजूने सरकारने इमारत बांधली, म्हणजे निकाल लागल्यातच जमा आहे.

तेव्हा ज्याला दिग्रसमध्ये ही भट्टी लावायचीच असेल त्याने किमतीचा प्रश्न आधी सोडवावा. सराफाकडे सोनं म्हणजे माल आणि घडणावळ म्हणजे वरचे टक्के. गिऱ्हाईक भांडतं ते टक्क्यांवर. इथे मालाची किंमत चहाच्या दोन कपांएवढी आणि बाकी सगळी घडणावळ, म्हणजे गिऱ्हाईक अख्ख्या किमतीवर भांडणार. त्याला उत्तर एकच: “काकू, काच फुकट घेऊन जा, पैसे भट्टीसमोर उभं राहायचे आहेत.” सुरुवात लग्नसराईच्या मे महिन्यात करू नये, तेव्हा भट्टीसमोर उभं राहणारा माणूसच आधी वितळेल. तुळशीच्या लग्नानंतर करावी, वेचणीचा पहिला पैसा घरात आलेला असतो आणि तो सराफाकडे जायला अजून रस्त्यात असतो. आणि काच नेहमी रात्री लावावी. ती निवायला सहा-आठ तास घेते आणि मध्येच वीज गेली तर सकाळी पदकाऐवजी तुकडे मिळतात. रात्री कुणीतरी जागं राहून मीटरकडे बघत बसावं लागेल, पण शेतातल्या पंपाच्या विजेसाठी वर्षानुवर्षं रात्री दोन वाजता उठणाऱ्या तालुक्यात एवढ्या कामाला माणूस मिळायला अडचण पडू नये.